एका पिकअपचा ब्रेक पाइप आणि फ्लेअरिंग टूलची निवड: चाळीसगावचं एक प्रकरण

गाडी दहा वर्षांहून जुनी पिकअप. एबीएस नाही. पुढे डिस्क, मागे ड्रम, आणि मागच्या ॲक्सलजवळ भारानुसार ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह, म्हणजे एलएसपीव्ही. भडगाव-पाचोरा भागातली केळी भरून ती कन्नडचा घाट चढते, छत्रपती संभाजीनगरला जाते आणि परत येताना बहुतेक वेळा खताच्या गोण्या आणते. अशाच एका परतीच्या फेरीत घाट उतरताना पेडल नेहमीपेक्षा खोल जाऊ लागलं. ड्रायव्हर जाणता होता. त्याने खालचा गिअर टाकला, इंजिनावर गाडी धरली आणि घाट उतरून सरळ चाळीसगावात आमच्या गॅरेजसमोर आणून उभी केली. त्याचं म्हणणं एका ओळीचं होतं: "भाऊ, गाडी थांबस, पन पाय पार खाले जास."

असं कोणी म्हटलं की आधी ब्रेक ऑइलची टाकी बघायची. पेडल दाबल्यावर ऑइलला दाब देणाऱ्या मास्टर सिलिंडरमध्ये दोन वेगळे कप्पे असतात. या गाडीत एक कप्पा पुढच्या चाकांचा, दुसरा मागच्या. मागची लाइन फुटली की त्या कप्प्यातला पिस्टन समोर दाब न सापडल्यामुळे टोकापर्यंत सरकतो. तेवढा प्रवास पायाला फुकट करावा लागतो, आणि मग कुठे पुढचे ब्रेक धरतात. गाडी थांबते, पण फक्त पुढच्या चाकांवर. मागे टनभर खत लादलेलं असताना ही अवस्था किती धोक्याची आहे हे घाटातून माल वाहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. टाकीचा मागच्या बाजूचा खण जवळपास रिकामा होता.

गाडी रॅम्पवर घेतली. चेसीच्या डाव्या पट्टीवरून मागे जाणाऱ्या पाइपवर दोन ठिकाणी ओल दिसली. एका ठिकाणी पाइपचा साधारण हातभर तुकडा तांब्याचा होता. फ्रिज-एसीच्या कामात वापरतात तसला, दोन्ही टोकांना पितळी जोड लावून मूळ लोखंडी पाइपात घुसवलेला. रस्त्यात कुठेतरी गाडी अडली तेव्हा वेळ मारून नेण्यासाठी केलेलं काम होतं. जोड उघडला तर तांब्याच्या फुलवलेल्या तोंडाच्या कडेला केसाएवढी चीर. दुसरी ओल त्याच्या पुढे, पाइप चेसीला धरून ठेवणाऱ्या क्लिपच्या मागे. क्लिप काढली तर आत गुलाबीसर पांढरा थर दगडासारखा बसलेला. तो खरवडला, खालचा पाइप फुगलेला दिसला, आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने नुसतं घासलं तरी गंजाचे पापुद्रे निघाले. एका जागी ऑइलचा थेंब बाहेर आला.

तो गुलाबी थर पोटॅशचा. केळीच्या पिकाला पालाश भरपूर लागतो, आणि बाजारात तो बहुतेक करून म्युरेट ऑफ पोटॅश म्हणून येतो. हे रासायनिकदृष्ट्या पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे मिठाचाच भाऊबंद. गोणी फाटते, दाणे हौद्याच्या फटींतून खाली पडतात, क्लिपमागे अडकतात, गाडी धुतली की विरघळतात आणि लोखंड खायला लागतात. थंड देशांत बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, म्हणून तिथे ब्रेक पाइप सडतात हे सगळ्यांना माहीत आहे. खानदेशात मात्र "आपल्याकडे एवढं कोरडं ऊन, पाइपला काय होतंय?" असं मिस्त्री मंडळीही म्हणतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो हे खरं, पण खत वाहणाऱ्या गाडीखाली क्लोराइड वर्षभर असतं. केळी आणि खत दोन्ही वाहणाऱ्या गाडीची प्रत्येक क्लिप दरवर्षी काढून बघावी, असं माझं ठाम मत आहे.

पुन्हा एक तुकडा जोडणं हा पर्याय आम्ही विचारातच घेतला नाही. जेवढे जोड जास्त तेवढ्या गळायच्या जागा जास्त, आणि उरलेला पाइपही त्याच वयाचा, त्याच खताने खाल्लेला. मास्टर सिलिंडरकडून येणाऱ्या जोडापासून एलएसपीव्हीपर्यंतचा अख्खा पाइप बदलायचा हे ठरलं. कंपनीचा तयार पाइप हातात मिळत असेल तर तोच घ्यावा. त्याची तोंडं कारखान्यात मारलेली असतात, त्यांच्याशी गॅरेजने स्पर्धा करू नये. या मॉडेलचा तो पाइप मात्र मागवावा लागणार होता आणि मालकाच्या केळीची कटाई तोंडावर आली होती. शिवाय अशी एकच गाडी नाही. दर मोसमात अशा पिकअप येतात आणि दर वेळी पाइपासाठी त्यांना धुळ्याला नाहीतर जळगावला पाठवावं लागतं. म्हणून गॅरेजच्या मालकांनी, आम्ही सगळे त्यांना आप्पा म्हणतो, पाइपची तोंडं फुलवायचं, म्हणजे फ्लेअरिंगचं, चांगलं टूल एकदाच घ्यायचं ठरवलं. कोणतं घ्यायचं हे बघायचं काम माझ्याकडे आलं.

तोंड कोणतं, ते आधी

टूलचा कॅटलॉग उघडण्याआधी गाडीवरचा जुना नट उघडून पाइपचं तोंड आणि ज्या भोकात ते बसतं ते भोक, दोन्ही टॉर्च लावून बघायचं. या कामात नुकसान बहुतेक इथे होतं.

ब्रेकच्या पाइपांना दोन प्रकारची तोंडं भेटतात. पहिलं डबल फ्लेअर. पाइपची कड आधी बाहेर फुगवतात आणि मग आत दुमडतात, त्यामुळे तोंडाशी पत्रा दुहेरी होतो आणि आकार सनईच्या तोंडासारखा ४५ अंशांत उघडा दिसतो. याच्या भोकात तळाशी एक उभा सुळका असतो, त्याच्यावर हे तोंड बसतं. दुसरं बबल फ्लेअर, ज्याला डीआयएन किंवा आयएसओ फ्लेअर म्हणतात. त्यात फक्त पहिली पायरी, कड फुगवलेली, दुमडलेली नाही. त्याच्या भोकात सुळका नसतो, खोलगट उतार असतो. बबलच्या नटाच्या टोकाशी बहुधा थोडा भाग बिनआट्याचा असतो, डबल फ्लेअरच्या नटाला आटे टोकापर्यंत जातात.

घोळ होतो तो नटामुळे. सुझुकी, टोयोटा अशा जपानी घराण्याच्या गाड्यांत डबल फ्लेअर आणि एम१०×१ चा नट, म्हणजे व्यास १० मिमी आणि पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १ मिमी. फोक्सवॅगनसारख्या युरोपीय गाड्यांत बबल फ्लेअर, आणि नट तोही एम१०×१. नट दोन्हीकडे सुरळीत फिरतो, घट्टही होतो. पण चुकीचं तोंड सुळक्यावर किंवा खोलीत नीट टेकत नाही, गळती थांबावी म्हणून मिस्त्री आणखी आवळतो, आणि शेवटी मास्टर सिलिंडरची किंवा व्हॉल्व्हची सीट, म्हणजे तोंड टेकायची जागाच कायमची खराब होते. पाइप शेकड्यांचा, व्हॉल्व्ह हजारांचा. त्यात जुन्या जीपच्या वंशातल्या गाड्यांवर इंची आटे भेटतात. ३/८ इंच, इंचाला २४ आट्यांचा नट म्हणजे व्यास ९.५२५ मिमी आणि पिच १.०५८ मिमी. एम१० च्या भोकात तो ढिला ढिला जातो आणि दाब आला की दगा देतो. थ्रेड गेज नसेल तर जुना नट जपून ठेवून नव्याच्या शेजारी आट्याला आटा लावून बघावा.

आमच्या पिकअपवर निघालं ते असं: पाइपचा बाहेरचा व्यास ४.७५ मिमी, म्हणजे ३/१६ इंच, नट एम१०×१, तोंड डबल फ्लेअर, भोकात सुळका. टूलकडून काय हवं हे इथे ठरलं.

आता सिंगल फ्लेअर, म्हणजे न दुमडता कड एकदाच बाहेर उघडलेलं तोंड, का चालत नाही ते. फ्रिजच्या कामात सिंगल फ्लेअर रोजचं आहे, तांबं मऊ असतं आणि तिथे ते व्यवस्थित चालतं. ब्रेकचा लोखंडी पाइप पातळ पट्टी दोन वेढे गुंडाळून, झाळून केलेला असतो. एकूण जाडी सुमारे ०.७ मिमी. त्याची कड एकदाच ताणून बाहेर उघडली की ती पातळ होते आणि चिरते. जोरात ब्रेक मारला की लाइनमध्ये १०० बारच्या आसपास दाब येऊ शकतो. एवढा दाब त्या पातळ कडेवर, रोज, वर्षानुवर्षं. शुद्ध तांब्याचं दुखणं वेगळं: सतत हादरे बसले की ते कडक होतं आणि तडकतं. या गाडीतला तांब्याचा तुकडा आणि त्यावरचं सिंगल फ्लेअर, दोन्ही चुका एकाच जागी एकत्र आल्या होत्या.

काय काय पाहिलं

चाळीसगावात हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतं ते पट्टी आणि योकवालं टूल. दोन पट्ट्यांमध्ये वेगवेगळ्या मापांची भोकं, दोन्ही टोकांना फुलपाखरी नट, वरून स्क्रूने दाबला जाणारा कोन. हजाराच्या आतबाहेर मिळतं. डब्यात डबल फ्लेअरसाठी बटणासारखे अडॅप्टरही असतात, म्हणून पुष्कळ जण ते ब्रेकसाठी घेतात. आमच्याकडचं जुनं एक होतं, ते लोखंडी पाइपावर लावून बघितलं. पट्टी टोकांकडून आवळली जाते, मधल्या भोकातल्या पाइपवर पकड कमी पडते. पहिल्या पायरीत अडॅप्टर दाबला की पाइप खाली सरकतो. जेवढा सरकला तेवढा धातू दुमडायला कमी, त्यामुळे दुसऱ्या पायरीत तोंड एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ. सरकू नये म्हणून जास्त आवळलं तर भोकातल्या दात्यांचे व्रण पाइपवर, नेमके नटाच्या मागे, जिथे पुढे गंज आणि चीर दोन्ही सुरू होतात. तांब्याच्या पाइपाला हे टूल चांगलं आहे. ब्रेकच्या लोखंडी पाइपाला मी ते कोणालाही सुचवणार नाही.

एसीवाले आता एक्सेंट्रिक कोनचं टूल वापरतात. कोन फिरता फिरता तोंड घडवतो, काम सुंदर आणि गुळगुळीत होतं. पण ते सिंगल फ्लेअरसाठीच आहे, म्हणून आमच्या यादीतून गेलं.

खरी तुलना दोघांत झाली. एक, हातात धरायचं हायड्रॉलिक टूल, मास्टरकूलच्या जातीचं: डाय पाइपवर आवळायची, पंच लावायचा आणि छोट्या पंपाने दाबायचं. दुसरं, शेगड्यात (बेंच व्हाइसमध्ये) धरून वापरायचं टरेटवालं, ईस्टवुडने लोकप्रिय केलेल्या घडणीचं: पाइप डायमध्ये पकडायचा, डोकं फिरवून एकेक पायरी समोर आणायची आणि लांब दांडा ओढायचा. दोन्ही पाच आकडी किमतीची. हायड्रॉलिकचा मोठा फायदा म्हणजे गाडीखाली झोपून, पाइप न काढता तोंड मारता येतं. मोटारींचं काम जास्त असतं, टाकीच्या वरून, सबफ्रेममधून पाइप जात असते, तर मी तेच निवडलं असतं. पण पिकअपचा पाइप चेसीच्या बाहेरच्या बाजूने उघडा जातो, नट सोडले की अख्खा हातात येतो. आपल्याला तुकडे जोडायचेच नाहीत, तर गाडीखाली तोंड मारण्याची सोय कशासाठी? शेगड्यावर पाइप सरळ राहतो, पायरी डोळ्यांसमोर होते, आणि नवीन पोरगाही शिकल्यावर दर वेळी तेच तोंड काढतो. मला ही शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. ब्रेकचं काम मिस्त्रीच्या त्या दिवशीच्या हातावर अवलंबून राहता कामा नये.

डब्यात किती मापं आहेत यावर विक्रेते भर देतात. आम्हाला पिकअपसाठी ४.७५ मिमीचं एक माप हवं होतं, फार तर ६.३५ मिमीचं दुसरं. म्हणून पैसा डायच्या दर्जात घालायचा हे आधीच ठरलं होतं. डायचे दोन अर्धे भाग एकाच जोडीचे, एकत्र घडवलेले आहेत का हे नखाने शिवण चाचपून कळतं: नख अडकलं तर तोंडावरही रेघ उमटणार. डाय लांब हवी, म्हणजे पकड लांबवर विभागली जाते आणि पाइपला व्रण पडत नाही. पाइप किती बाहेर ठेवायचा हे ठरवणारा थांबा टूलमध्येच हवा, अंदाजपंचे नको. टूल लोखंडी पाइपासाठी आहे असं स्पष्ट लिहिलेलं हवं, कारण कितीतरी डब्यांवर बारीक अक्षरात फक्त तांबं आणि ॲल्युमिनियम असतं. आणि डाय, पंच सुटे मिळायला हवेत.

जळगावला विक्रेत्याकडे जाताना लोखंडी ब्रेक पाइप आम्हीच सोबत नेला. एकाने पेटी उघडायला नकार दिला, तिथून निघालो. दुसऱ्याने दुकानातल्या शेगड्यावर टूल लावलं आणि "मारून बघा" म्हणाला. काही तोंडं मारली. व्हर्निअरने व्यास मोजला, सगळी ७ मिमीच्या आसपास आणि एकमेकांशी जुळणारी. मग एक तोंड हॅक्सॉने उभं कापलं. हीच परीक्षा सगळ्यात बोलकी आहे. कापलेल्या तोंडात दुमड आतल्या भिंतीला सगळीकडे सारखी चिकटलेली दिसली पाहिजे, मध्ये पोकळी नको, कडेला चीर नको, दोन्ही बाजूंची जाडी सारखी हवी. तशी दिसली. टूल घेतलं. सोबत डीआयएनची डाय आणि पंचही घेतले, उद्या बबलवाली गाडी आली तर असावेत म्हणून.

पाइप, तोंड आणि बसवणं

नवा पाइप क्युप्रोनिकेलचा घेतला, म्हणजे तांब्यात सुमारे दहा टक्के निकेल आणि थोडं लोखंड. दिसायला तांब्यासारखा असला तरी स्वभाव वेगळा. क्लोराइडला तो लोखंडापेक्षा पुष्कळ जास्त टिकतो, हादऱ्यांना शुद्ध तांब्यासारखा तडकत नाही, आणि तोंडही सहज घेतो. व्होल्वोने १९७६ पासून आपल्या गाड्यांना अशा मिश्रधातूचे पाइप लावले. पोटॅश वाहणाऱ्या गाडीला लोखंडी पाइपापेक्षा थोडे जास्त पैसे मोजून हा घालणं मला सर्वस्वी योग्य वाटतं. घेताना मात्र ब्रेकसाठीचाच आहे याची खात्री करावी. दिसायला सारखा म्हणून फ्रिजचा तांब्याचा पाइप गळ्यात मारणारेही भेटतात.

चांगलं टूल घेऊनही तोंड बिघडतं ते तयारीत. हॅक्सॉने कापलेला पाइप तिरका होतो आणि आत कीस जातो. म्हणून चाकाच्या पाइप कटरने, दर फेरीला थोडंसंच आवळत कापायचा, नाहीतर पाइप आत दबतो. कापल्यावर आतली आणि बाहेरची बारीक धार काढायची, पाइपचं टोक जमिनीकडे धरून, म्हणजे कीस आत न जाता खाली पडतो. कड काटकोनात आहे का ते गुण्याला लावून बघायचं. नट आधी ओवायचा. पंचाला ब्रेक ऑइलचा एक थेंब लावायचा. ग्रीस किंवा इंजिन ऑइल नको, कारण खनिज तेलाने ब्रेकची रबरं फुगतात. मग टरेटची पहिली पायरी, दुसरी पायरी, आणि तोंड भिंगाखाली. पाइप वाकवायला बेंडर वापरला. जुन्या पाइपाची वळणं हुबेहूब घेतली, सायलेन्सरपासून आणि हलणाऱ्या भागांपासून अंतर राखलं, सगळ्या क्लिपा नव्या, आत रबराची पट्टी. बसवण्याआधी पाइपमधून स्वच्छ हवा मारली.

नट आधी बोटांनी पूर्ण फिरला पाहिजे, पाना नंतर. साध्या फिक्स पान्याने नटाचे कोपरे झिजतात, म्हणून पाइपवरून सरकवता येणारा, तोंड थोडं कापलेला रिंग पाना वापरायचा. एम१०×१ ला आवळणी साधारण १४ ते १८ न्यूटन मीटर, गाडीच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तो मानायचा. चांगलं तोंड एवढ्यात बंद होतं. गळतंय म्हणून आणखी आवळावं लागत असेल तर नट सोडून तोंड बघायचं.

नवं डॉट ३ दर्जाचं ब्रेक ऑइल, सीलबंद डब्यातलं, कारण उघड्या डब्यातलं हवेतला ओलावा शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू घसरतो. कोरडं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा मुरल्यावर तीच हमी १४० वर येते. घाटातल्या तापलेल्या ब्रेकसाठी हा फरक फार मोठा आहे. लाइनमध्ये अडकलेली एअर काढली, आधी मागची चाकं, मग पुढची.

तपासणी अशी केली: इंजिन चालू ठेवून, म्हणजे बूस्टरची मदत असताना, एकाने पेडल जोराने दाबून धरलं आणि दुसऱ्याने प्रत्येक जोडाला कोरडा कागद लावला. कागद कोरडा राहिला, पेडल खाली सरकलं नाही. मग रिकाम्या रस्त्यावर हळू वेगात, मग गोण्या भरून सपाटीला, आणि या सगळ्यानंतर पुन्हा कागद. इथपर्यंत सगळं ठीक झाल्यावरच मालकाला घाटाची परवानगी दिली. आठवड्याभराने गाडी परत बोलावली, जोड पुन्हा पाहिले, कोरडे होते.

मालकाने विचारलं, "आता हौदा धुवायचा नाही का?" धुवायचाच, आणि खताची फेरी झाली की त्याच दिवशी, खालून चेसीवर पाणी मारून. धुताना दाणे क्लिपमागे ढकलले जाऊ नयेत म्हणून आधी झाडून घ्यायचं, मग पाणी. हौद्यात जाड ताडपत्री अंथरली तर निम्मं खत खाली पडतच नाही. मालकाने ताडपत्री त्याच दिवशी घेतली. आप्पांनी गॅरेजचं जुनं पट्टीवालं टूल एसीचं काम करणाऱ्या शेजाऱ्याला देऊन टाकलं, तांब्याच्या पाइपांसाठी.